कोकणातील डिझेल ट्रकसाठी कूलंट आणि पूरक रसायनांची निवड

कोकणपट्टीत पाणी गोठण्याइतकी थंडी कधीच पडत नाही. त्यामुळे ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंटवर पैसे कशाला घालवायचे’ असे म्हणून विहिरीच्या किंवा नळाच्या साध्या पाण्यावर ट्रक चालवणारे मालक महाडपासून सावंतवाडीपर्यंत आजही भेटतात. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला उणे ३७ अंशांचा गोठणबिंदूचा आकडा त्यांच्या उपयोगाचा नाही, हे खरेच आहे. परंतु गोठणे रोखण्याखेरीज डिझेल इंजिनातील कूलंटला आणखी तीन कामे करावी लागतात: आतल्या धातूंना गंजापासून वाचवणे, सिलिंडरच्या लायनरला, म्हणजे ज्यात पिस्टन फिरतो त्या नळीला, पाण्याच्या बाजूने छिद्रे पडू न देणे आणि भरलेली गाडी घाट चढत असताना उकळी लांबवणे. खारी हवा, खाडीकाठच्या मचूळ विहिरी आणि कुंभार्ली, आंबा, फोंडा, करूळ, आंबोली असे अवघड घाट पाहता ही तिन्ही कामे येथे देशावरच्यापेक्षा जास्त जड जातात. म्हणून निवड करताना आधी इंजिनाची घडण, मग पाणी आणि सर्वांत शेवटी पूरक रसायन, असा क्रम ठेवावा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तो उलटा असतो. दुकानदाराने पुढे केलेली बाटली आधी ओतली जाते आणि पाण्याचा विचार कोणीच करत नाही.

डब्यात नेमके काय असते

वापरण्यास तयार कूलंटमध्ये साधारण निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकोल असते. हे ग्लायकोल बहुधा इथिलीन जातीचे आणि क्वचित प्रॉपिलीन जातीचे असते. उरलेला थोडा, पण सर्वांत मोलाचा भाग गंजरोधक रसायने, फेस मोडणारे द्रव्य आणि रंग यांचा असतो. उष्णता वाहून नेण्याचे काम मुख्यतः पाणीच करते आणि ग्लायकोल त्या कामात पाण्याहून उणेच पडते. ग्लायकोलमुळे उत्कलनबिंदू वाढतो, पण लोक समजतात तितका नाही. निम्म्या-निम्म्या मिश्रणाला समुद्रसपाटीवर उकळी येते ती सुमारे १०७ ते १०८ अंश सेल्सिअसला, म्हणजे साध्या पाण्यापेक्षा सात-आठ अंशच उशिरा. याउलट ०.७ बार दाबाचे धडधाकट झाकण साध्या पाण्याचाही उत्कलनबिंदू ११५ अंशांच्या आसपास नेऊन ठेवते. त्यामुळे घाटात गाडी पाणी फेकू लागली की कूलंटला दोष देण्यापूर्वी रेडिएटरचे झाकण तपासावे. खाऱ्या हवेत त्याची स्प्रिंग लवकर गंजते आणि रबर कडक पडते. नवे झाकण घेताना त्यावरचा दाबाचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिला आहे तोच असल्याची खात्री करावी, कारण जास्त दाबाचे झाकण बसवल्यास जुने होजपाईप आणि रेडिएटरचे सांधे फुटतात.

कोकणात गोठण्याची भीती नसल्याने ग्लायकोलचे प्रमाण वीस-पंचवीस टक्क्यांवर आणावे, असा हिशेब काही जण मांडतात. वरवर तो पटतो. परंतु गंजरोधक रसायने कॉन्सन्ट्रेटमध्येच, म्हणजे पाणी न मिसळलेल्या दाट कूलंटमध्येच, मिसळलेली असतात, त्यामुळे ग्लायकोल निम्मे केले की संरक्षणही निम्मे होते. उलट टोकाला, ‘जितके दाट तितके चांगले’ या समजुतीने कॉन्सन्ट्रेट पाणी न मिसळता ओतणे तितकेच घातक आहे, कारण साठ टक्क्यांच्या वर ग्लायकोल गेले की मिश्रण घट्ट होते, उष्णता कमी वाहून नेते आणि त्यातील रसायनांचा साका खाली बसू लागतो. उत्पादकाने वेगळे सांगितलेले नसेल तर ५० टक्के हे प्रमाण धरून चालावे. ४० च्या खाली आणि ६० च्या वर जाऊ नये.

लायनरला पडणारी छिद्रे

ट्रकसाठी कारचे कूलंट का चालत नाही, याचे खरे उत्तर येथे आहे. मोठ्या डिझेल इंजिनांपैकी अनेकांत ‘वेट लायनर’ असतात, म्हणजे ज्या नळीत पिस्टन वर-खाली होतो तिच्या बाहेरच्या अंगाला थेट कूलंट लागलेले असते. डिझेल पेटताच पिस्टन खाली ढकलला जातो आणि त्याच क्षणी तो लायनरच्या एका बाजूवर आपटतो. त्या धक्क्याने लायनरची भिंत थरथरते. ती क्षणभर आत ओढली जाते तेव्हा तिच्यालगतच्या द्रवाचा दाब एकदम घटून वाफेचे अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि भिंत परत येताच ते जोराने फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना द्रवाची एक सूक्ष्म, अतिवेगवान धार लोखंडावर आदळते. मिनिटाला हजारो स्फोटांच्या या माऱ्यापुढे उघडे लोखंड टिकत नाही.

असे झालेला लायनर गॅरेजच्या बाकावर आडवा ठेवून एकदा तरी नीट पाहावा. आतली बाजू गुळगुळीत आणि होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात घासून केलेल्या, तिरक्या रेघा शाबूत असतात. बाहेरच्या बाजूला मात्र क्रँकशाफ्टच्या काटकोनात येणाऱ्या एका उभ्या पट्ट्यात टाचणीच्या डोक्याएवढे खोल खड्डे दाटीने पडलेले दिसतात, आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना धातू जवळजवळ कोरा असतो. बारीक तार एकेका खड्ड्यात घालून पाहिली तर एखाद्या ठिकाणी ती थेट आतल्या बाजूला निघते. तेवढ्या एका छिद्रातून पाणी सिलिंडरमध्ये झिरपते, तेथून चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळच्या टाकीतल्या, तेलात उतरते, तेल दुधाळ होते, बेअरिंगे खाल्ली जातात आणि शेवटी संपूर्ण इंजिन खोलावे लागते. बाहेर कोठेही गळती दिसत नसते, म्हणून ‘पाणी जाते कुठे’ हेच आधी कोणाला कळत नाही.

यावरचा उपाय रासायनिक आहे. नायट्राइट, किंवा नायट्राइट आणि मॉलिब्डेट यांची जोडी, लायनरच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक पातळ, चिवट थर धरते. बुडबुड्यांचा मार तो थर झेलतो आणि फाटला तरी कूलंटमधील रसायनामुळे पुन्हा धरला जातो. या प्रक्रियेत रसायन हळूहळू खर्च होत जाते. जे कूलंट कारसाठी केलेले असते त्यात हे रसायन बहुधा नसते किंवा पुरेसे नसते.

मात्र सर्वच ट्रकांत वेट लायनर नसतात. कमिन्सच्या बी मालिकेतील इंजिनांत, जी आपल्याकडे अनेक मध्यम ट्रकांत आहेत, सिलिंडर ब्लॉकमध्येच कोरलेला असतो आणि वेगळा लायनर नसतोच. ड्राय लायनरच्या इंजिनांत लायनरला पाणी लागत नाही. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे पुस्तिकेतून किंवा ज्याने ते इंजिन खोलले आहे अशा मिस्त्रीकडून विचारून घ्यावे, कारण पुढची निम्मी निवड या एका माहितीवर ठरते.

प्रकार ओळखावा तो लेबलावरून

हिरवे, लाल, गुलाबी, निळे, पिवळे हे केवळ रंग आहेत. कोणता रंग कोणत्या रसायनासाठी, याचे सर्व उत्पादकांना बांधील असे कोणतेही प्रमाण नाही. एका कंपनीचे लाल कूलंट जे असते ते दुसऱ्या कंपनीचे हिरवे असू शकते. म्हणून ‘आधी हिरवे होते, हिरवेच घाला’ ही सूचना मिस्त्रीने दिली तरी तेवढ्यावर विसंबू नये.

रसायनाच्या दृष्टीने तीन कुळे आहेत. पहिले पारंपरिक, अजैविक क्षारांचे: यात सिलिकेट, फॉस्फेट, नायट्राइट असे क्षार असतात, ते लवकर काम सुरू करतात आणि लवकर संपतात, त्यामुळे आयुष्य साधारण दोन वर्षे आणि मध्ये मध्ये पूरक रसायनाची भर आवश्यक. दुसरे सेंद्रिय आम्लांचे, ज्याला ‘ओएटी’ म्हणतात: यातील कार्बॉक्झिलेट फार सावकाश खर्च होतात, त्यामुळे पाच वर्षे किंवा पुस्तिकेत दिलेले अंतर ते टिकते. तिसरे संमिश्र किंवा हायब्रिड, ज्यात सेंद्रिय आम्लांच्या जोडीला थोडे सिलिकेट किंवा थोडे नायट्राइट असते.

लेबलावर प्रमाणाचा क्रमांक शोधावा. भारतीय मानक आयएस ५७५९ आणि जपानी जेआयएस के २२३४ हे क्रमांक आपल्याकडच्या डब्यांवर सर्रास दिसतात आणि ते साध्या गुणवत्तेची खूण म्हणून ठीक आहेत. परंतु अमेरिकी प्रमाणांतील एएसटीएम डी ३३०६ हा क्रमांक हलक्या वाहनांसाठी आहे; डी ४९८५ म्हणजे जड इंजिनासाठीचे, पण सुरुवातीलाच पूरक रसायन घालावे लागणारे कूलंट; आणि डी ६२१० म्हणजे जड इंजिनासाठी सर्व रसायने आधीच मिसळलेले कूलंट. वेट लायनरच्या इंजिनासाठी डी ६२१० हा क्रमांक, किंवा इंजिन उत्पादकाच्या स्वतःच्या प्रमाणाला मान्यता असल्याचा स्पष्ट उल्लेख, डब्यावर असलाच पाहिजे. ‘सर्व वाहनांसाठी उपयुक्त’ एवढेच छापलेले असेल तर तो डबा परत ठेवावा.

येथे एक अपवाद नीट लक्षात ठेवावा लागतो. ॲल्युमिनियमचे रेडिएटर असलेल्या काही नव्या इंजिनांचे, विशेषतः युरोपीय घडणीच्या इंजिनांचे उत्पादक नायट्राइट नसलेले सेंद्रिय कूलंटच वापरायला सांगतात. त्यांच्या चाचणीत त्या कूलंटमधील कार्बॉक्झिलेट लायनरचे रक्षण करू शकले आहेत, आणि नायट्राइटचे अशा प्रणालीत विघटन होऊन अमोनिया तयार झाला तर तो ॲल्युमिनियमला बाधतो. अशा गाडीत ‘डिझेल आहे म्हणजे नायट्राइट हवेच’ असे म्हणून वरून रसायन घालणे हा अपाय ठरतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांच्या बाबतीत तर मी पुस्तिकेबाहेर एक पाऊलही टाकू नये असेच सांगेन, कारण त्यांपैकी अनेकांत जळालेला वायू थंड करणारा ईजीआर कूलर असतो, त्याच्या अरुंद वाटांतून कूलंट फार तापत जाते, आणि तो कूलर आतून गळू लागला तर कूलंट एक्झॉस्टच्या महागड्या शुद्धीकरण यंत्रणेपर्यंत पोहोचते.

पाणी: येथे सर्वाधिक चुका होतात

कॉन्सन्ट्रेट उत्तम घेतले आणि त्यात पाणी वाईट घातले, तर सर्व खर्च वाया जातो. जड इंजिनांचे उत्पादक कूलंटच्या पाण्यासाठी सामान्यतः ज्या मर्यादा देतात त्या अशा: लिटरमागे क्लोराइड ४० मिलिग्रॅमपर्यंत, सल्फेट १०० पर्यंत, कठीणपणा १७० पर्यंत आणि एकूण विरघळलेले क्षार ३४० पर्यंत. आता याच्या शेजारी पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० ठेवून पाहावे: त्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास १००० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. म्हणजे जे पाणी माणसाने निर्धास्त प्यावे ते इंजिनाला सहापटीहून अधिक खारट असू शकते. क्लोराइड धातूवरील संरक्षक थर भेदते आणि ॲल्युमिनियममध्ये खोल खड्डे पाडते. कठीण पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सिलिंडर हेडच्या सर्वांत तापणाऱ्या जागी पापुद्रा धरतात आणि फॉस्फेटयुक्त कूलंटमधील रसायनही साक्यात ओढून नेतात.

कोकणातले पाणी एकसारखे नाही. सड्यावरच्या जांभ्या खडकातून येणारे पाणी सहसा मऊ आणि कमी क्षाराचे असते, पण ते किंचित आम्लधर्मी असते आणि त्यात लोह उतरलेले असू शकते. बादलीच्या तळाशी तांबूस साका बसतो तो त्याचाच. खाडीकाठच्या आणि किनाऱ्याजवळच्या विहिरी पावसाळ्यात गोड आणि एप्रिल-मेमध्ये मचूळ, हा अनुभव तर घरोघरचा आहे. नेमक्या त्याच दिवसांत आंब्याच्या पेट्या भरून ट्रक घाट चढत असतात, इंजिने सर्वांत जास्त तापतात आणि रेडिएटरमध्ये सर्वांत जास्त पाणी वरून घातले जाते. त्यात वाफ होऊन उडते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतो; उन्हाळाभर दर आठवड्याला थोडे थोडे मचूळ पाणी घालत गेलेल्या रेडिएटरमधील मीठ विहिरीतल्यापेक्षा कितीतरी वाढलेले असते.

म्हणून मिश्रणासाठी डिमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेले, पाणी वापरावे. बॅटरीसाठी विकले जाते तेच हे पाणी, पाच लिटरच्या कॅनमध्ये कोणत्याही बॅटरीवाल्याकडे मिळते. कॅन सीलबंद घ्यावा आणि ते पाणीच आहे, बॅटरीचे ॲसिड नाही, हे लेबलावर वाचून घ्यावे, कारण दोन्ही एकाच कपाटात ठेवलेले असतात. घरच्या आरओ यंत्राचे पाणीही चालते, परंतु अनेक यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते, त्यामुळे टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या, पेनने मोजून ५० च्या आत असेल तरच घ्यावे. टीडीएसचे पेन एकूण क्षार सांगते, क्लोराइड वेगळे सांगत नाही; विहिरीचे पाणी नियमित वापरण्याचा विचार असेल तर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून क्लोराइडचा आकडा काढून घ्यावा, आणि तोही मे महिन्यातल्या नमुन्याचा.

पूरक रसायने

बाजारात ‘कूलंट ॲडिटिव्ह’ या एका नावाखाली फार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. त्यांपैकी पारंपरिक कूलंटमध्ये खर्च झालेले नायट्राइट आणि मॉलिब्डेट भरून काढणारे रसायन, ज्याला ‘एससीए’ म्हणतात, हे खरोखर आवश्यक असू शकते. ते बाटलीतून मिळते, किंवा ज्या इंजिनावर कूलंट फिल्टर असतो तेथे त्या फिल्टरमध्येच भरलेले असते. सेंद्रिय कूलंटला एससीए घालू नये. त्याच्या आयुष्याच्या मध्यावर उत्पादकाने सांगितले असल्यास त्याच कंपनीचे ‘एक्स्टेंडर’ घालावे.

एससीए अंदाजाने घालू नये, तपासून घालावे. यासाठी कागदी चाचणीपट्ट्या मिळतात. त्यांवर ग्लायकोल, नायट्राइट, मॉलिब्डेट किंवा सामू (पीएच) यांसाठी वेगवेगळे चौकोन असतात. नमुना इंजिन कोमट असताना रेडिएटरच्या खालच्या तोटीतून घ्यावा, बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीतून नव्हे, कारण त्या बाटलीतले द्रव नीट फिरत नसते. पट्टी बुडवून, झटकून, पाकिटावर दिलेले सेकंद घड्याळात मोजून मगच रंग जुळवावा. उशीर झाला की रंग आणखी गडद होत जातो आणि आकडा खोटा येतो. कोकणच्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या पावसाळ्यात वापरण्याआधीच खराब होतात, म्हणून डबीचे झाकण लगेच घट्ट लावावे आणि डबी ट्रकच्या केबिनमध्ये न ठेवता घरात ठेवावी.

पारंपरिक कूलंटमध्ये नायट्राइट साधारण १२०० ते २४०० पीपीएमच्या दरम्यान असावे. ८०० च्या खाली गेले तर लायनर उघडा पडू लागतो आणि एससीए घालावेच लागते. हायब्रिड कूलंटमध्ये नायट्राइट मुळातच कमी ठेवलेले असते, तेथे हा मापदंड लावू नये, डब्यावरील आकडा धरावा. नायट्राइट कमाल मर्यादेच्या वर असेल तर आणखी काही घालू नये. जास्त झालेले रसायन द्रवात विरघळत नाही. त्याचा चिकट किंवा दाणेदार साका रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि वॉटर पंपाचे सील घासून गळती सुरू करतो. आणखी एक खूण महत्त्वाची आहे: भर घालूनही नायट्राइट झपाट्याने घटत असेल आणि सोबत सामूही उतरत असेल, तर बहुधा हेड गास्केटमधून, म्हणजे सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांमधल्या पातळ सीलमधून, जळालेला वायू कूलंटमध्ये शिरत आहे. तेथे रसायनाची आणखी एक बाटली काही करू शकत नाही, गास्केट पाहावे लागते.

गळती बंद करणाऱ्या पुड्या आणि द्रव यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: रस्त्यात अडकलेली गाडी गावापर्यंत आणण्यासाठी एकदा वापरल्यास समजू शकते, पण त्यानंतर प्रणाली धुऊन गळती दुरुस्त झालीच पाहिजे. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपाय याच जातीचा आहे. हळद छिद्रावर बसते तशी धड नळ्यांतही बसते. पूर्वी गंज रोखण्यासाठी लेथवरचे सोल्युबल ऑइल पाण्यात घालण्याची पद्धत होती. त्याने होजपाईप आणि ओ-रिंग फुगून मऊ पडतात आणि धातूवर तेलाचा थर बसून उष्णता कमी जाते. ती पद्धत आता सोडून द्यावी. ‘तापमान दहा अंशांनी उतरवणाऱ्या’ बाटल्यांवर भरलेल्या ट्रकाच्या मालकाने पैसे खर्चू नयेत. तेवढ्यात नवा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, येतो, आणि जुना काढून टाकून तशीच गाडी चालवण्यापेक्षा नवा बसवणे केव्हाही शहाणपणाचे, कारण अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच परत फिरते.

भरण्याची रीत

इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण उघडावे. वरचा होजपाईप हाताने निर्धास्त धरता आला पाहिजे. रेडिएटरची तोटी आणि ब्लॉकचा ड्रेन प्लग दोन्ही उघडावेत, कारण फक्त रेडिएटर रिकामा केला तर बरेच जुने द्रव ब्लॉकमध्येच राहते. बाहेर आलेले पाणी तांबडे असेल तर उत्पादकाने मान्य केलेल्या क्लीनरने प्रणाली धुवावी आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत पुन्हा पुन्हा भरून रिकामी करावी. शेवटची धुलाई डिमिनरलाइज्ड पाण्यानेच करावी. वर्षानुवर्षे साध्या पाण्यावर चाललेल्या गाडीत पहिल्यांदा कूलंट घातले की काही दिवसांत ठिकठिकाणी पाझर दिसू लागतो आणि मालक कूलंटला दोष देतो. वस्तुतः ती भोके आधीपासून होती, गंजाने बुजलेली होती. अशा गाडीचे होजपाईप आणि क्लिपा धुलाईच्या वेळीच बदलून घ्याव्यात.

धुलाईनंतर कितीही निथळले तरी काही लिटर पाणी आत उरते. त्यावर निम्म्या-निम्म्याचे तयार कूलंट ओतले की मिश्रण पातळ होते, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. यासाठी धुलाईनंतर कॉन्सन्ट्रेट घ्यावे: प्रणालीची क्षमता २४ लिटर असेल तर आधी १२ लिटर कॉन्सन्ट्रेट ओतावे आणि उरलेली जागा डिमिनरलाइज्ड पाण्याने भरावी. ओतताना घाई करू नये, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल ठेवावा. मग थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवून, थंड होऊ देऊन पातळी पुन्हा पाहावी.

ग्लायकोलचे प्रमाण मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरावा. एकाच वाहतूकदाराकडे चार गाड्या असल्या तरी त्याची किंमत लवकर वसूल होते. त्यातील इथिलीन आणि प्रॉपिलीन यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या असतात, आपली कोणती ते पाहून वाचावे. इथिलीन ग्लायकोलसाठी सुमारे उणे ३७ अंश म्हणजे ५० टक्के, एवढाच त्या आकड्याचा कोकणात उपयोग. याच यंत्राने ‘रेडी टू यूज’ म्हणून घेतलेल्या स्वस्त कूलंटचा एक थेंबही तपासावा. त्यात ग्लायकोल नावालाच असेल तर लगेच कळते. समजा २४ लिटरच्या प्रणालीत प्रमाण ३५ टक्के निघाले, तर ५० वर आणण्यासाठी किती बदलावे? हव्या असलेल्या वाढीला, म्हणजे १५ ला, शंभरातून आताचे प्रमाण वजा करून आलेल्या ६५ ने भागावे आणि क्षमतेने गुणावे. उत्तर साडेपाच लिटर येते. तेवढे जुने द्रव काढून तेवढेच कॉन्सन्ट्रेट घालावे.

रस्त्यावर आणि वर्षभर

प्रत्येक गाडीत त्याच प्रकारच्या, आधीच मिसळलेल्या कूलंटचा एक कॅन ठेवावा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे, म्हणजे डीईएफचा (एक्झॉस्ट शुद्ध करणाऱ्या द्रवाचा) कॅन चुकून रेडिएटरमध्ये ओतला जाणार नाही. वेगळ्या जातीचे कूलंट थोडे मिसळले म्हणून लगेच इंजिन बिघडत नाही, परंतु उत्पादकांनुसार १० ते २५ टक्क्यांपुढे भेसळ गेली की सेंद्रिय कूलंटचे दीर्घ आयुष्य संपते आणि ते साध्या कूलंटसारखे लवकर बदलावे लागते. घाटात अगदीच वेळ आली तर पिण्याचे बाटलीबंद पाणी घालावे, इंजिन थंड झाल्यावर आणि थोडे थोडे करून. तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडले की हेडला तडा जातो. खाडीचे पाणी मात्र कोणत्याही परिस्थितीत घालू नये.

चाचणी प्रत्येक तेलबदलाला किंवा तीन महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करावी, आणि मार्चमध्ये, आंब्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, एकदा नक्की करावी. त्याच वेळी मल्टिमीटरने एक वेगळी तपासणी करून घ्यावी, जी किनाऱ्यावर फार उपयोगी पडते. खाऱ्या हवेने इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली की वीज परतीचा मार्ग कूलंटमधून शोधते, आणि मग उत्तम कूलंट असूनही रेडिएटर आतून खाल्ला जातो. मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी, लाल तारेचे टोक धातूला न टेकवता कूलंटमध्ये बुडवावे आणि सर्व दिवे, पंखा चालू करून, नंतर स्टार्टर मारताना आकडा पाहावा. ओतीव लोखंडाच्या इंजिनात ०.३ व्होल्टपेक्षा आणि ॲल्युमिनियमचे भाग असतील तर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास अर्थिंगच्या पट्ट्या काढून, घासून, ग्रीस लावून पुन्हा बसवाव्यात.

काढलेले जुने कूलंट गटारात, वहाळात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी असते; कुत्री आणि गुरे ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात, लहान मुलांनाही तोच धोका आहे. ते झाकणाच्या कॅनमध्ये, इंजिन ऑइलपासून वेगळे साठवावे, कॅनवर ‘विष’ असे लिहून तो कुलपात ठेवावा आणि टाकाऊ रसायने घेण्याचा परवाना असलेल्या संकलकाकडेच द्यावा.